दंड भरला, तरी लायसन्सचे प्रकरण उरतेच

सातपूरच्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा धाकटा भाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका पुरवठादाराकडे पिकअप चालवतो. शनिवारी रात्री स्वतःच्या मोटारसायकलवरून घरी परतत असताना गंगापूर रोडवरच्या नाकाबंदीत त्याची तपासणी झाली. त्याने मद्य घेतलेले होते आणि डोक्यावर हेल्मेट नव्हते. हेल्मेटचा दंड त्याने भरला, मद्यप्राशनाचा खटला न्यायालयात गेला, पोलिसांनी लायसन्स ताब्यात घेऊन पावती दिली आणि आता प्रादेशिक परिवहन कार्यालयातून सुनावणीस हजर राहण्याची नोटीस आली आहे. मित्र सांगतात की न्यायालयात गुन्हा कबूल कर, दंड भर आणि विषय संपव; नोटिशीकडे लक्ष देऊ नकोस, फार झाले तर गावाकडून दुसरे लायसन्स काढू. दरम्यान तो पावतीवर पिकअप चालवतो आहे. हे बरोबर आहे का, असे त्या विचारतात.

हे बरोबर नाही आणि यातली सर्वात तातडीची गोष्ट पावतीची आहे, म्हणून तीच प्रथम सांगतो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 206 मध्ये 2019 साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे, मद्यपान करून वाहन चालवणे, शर्यत लावणे, असुरक्षित स्थितीतील वाहन चालवणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट नसणे किंवा रुग्णवाहिकेला वाट न देणे यांपैकी एखादा गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल, तर अधिकाऱ्याने लायसन्स जप्त करून ते कलम 19 खालील कारवाईसाठी परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओकडे, पाठवायचे असते. त्या वेळी जी पावती मिळते, ती लायसन्स जप्त झाल्याची केवळ पोच असते. लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पोचपावतीने वाहन चालवण्याचा अधिकार मिळत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. जुन्या काळी लायसन्स जमा झाल्यावर काही मुदतीपर्यंत पावतीवर गाडी चालवता येत असे आणि तीच समजूत अजून लोकांच्या मनात घट्ट आहे. माझ्याकडे निफाड भागातला एक टेम्पोचालक आला होता. त्याने ती पावती लॅमिनेट करून घेतली होती आणि आरशामागे जिथे लायसन्स खोचून ठेवायचा तिथेच ती खोचून दोन महिने द्राक्षाच्या पेट्यांची वाहतूक केली होती. मी ती हातात घेतली, तेव्हा प्लॅस्टिकच्या आत अक्षरे पुसट होत चालली होती आणि कडेला हवेचा एक फुगा धरला होता. त्याला कोणी खोटे सांगितले नव्हते, खरे मात्र कोणीच सांगितले नव्हते. आपल्या भावाने आजपासून ना पिकअप चालवावी ना मोटारसायकल.

आता दंडाबद्दल. रस्त्यावर भरलेला दंड म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड असते आणि तडजोड झाली की त्या गुन्ह्याचा खटला चालत नाही, इथपर्यंत लोकांची समजूत योग्य आहे. परंतु तडजोडीची तरतूद करणाऱ्या कलम 200 मध्येच पुढे असे म्हटले आहे की तडजोड झाली तरी कलम 206 खालील लायसन्सच्या कार्यवाहीतून त्या व्यक्तीची सुटका होत नाही. दंडाचा हिशेब वेगळा आणि लायसन्सचा वेगळा. हेल्मेटच्या कलमात दंडाबरोबरच तीन महिन्यांच्या अपात्रतेची तरतूद आहे, हे नाशिककरांना आता तरी ठाऊक असायला हवे. 15 ऑगस्ट 2021 पासून शहरात हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा सगळी चर्चा पेट्रोलची झाली, लायसन्सची कोणीच केली नाही, याची मला त्या वेळीही खंत वाटली होती. मद्यपानाच्या गुन्ह्याची तर तडजोडच होत नाही. तो खटला न्यायालयातच चालतो.

म्हणजे आपल्या भावासमोर दोन स्वतंत्र वाटांनी लायसन्स गमावण्याचा प्रसंग आहे, एक आरटीओची आणि दुसरी न्यायालयाची. दोन्ही एकाच वेळी चालू शकतात आणि एका ठिकाणी प्रकरण मिटले म्हणून दुसरीकडचे आपोआप मिटत नाही.

आरटीओच्या वाटेवर पोलिसांकडून लायसन्स आल्यानंतर प्राधिकाऱ्याने आधी म्हणणे ऐकून घ्यायचे असते आणि मगच आदेश करायचा असतो. आदेश दोन प्रकारचा होऊ शकतो. समाधान झाले तर तो कारवाई न करता सोडून देऊ शकतो. नाहीतर सविस्तर कारणे लेखी नोंदवून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने अपात्र ठरवतो आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या गुन्ह्यासाठी लायसन्सच रद्द करतो. लायसन्स रद्द झाल्यास त्या व्यक्तीचे नाव जाहीर करण्याचीही कायद्यात मुभा आहे. निलंबनानंतर उजळणी प्रशिक्षणही पूर्ण करावे लागते.

या तरतुदीतला एक शब्दप्रयोग आपल्यासाठी फार मोलाचा आहे आणि तो बहुतेक चालकांना, खेदाने सांगतो की काही वकिलांनाही, ठाऊक नसतो. अपात्रतेचा आदेश लायसन्सवर नमूद असलेल्या सर्व वर्गांच्या किंवा त्यांतील एखाद्या वर्गाच्या वाहनांपुरता करता येतो. आपल्या भावाच्या लायसन्सवर मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन हे दोन वर्ग असणार. गुन्हा मोटारसायकलवर घडला आहे, कामावर नसताना घडला आहे आणि पोट पिकअपवर चालते. अशा वेळी अपात्रता केवळ मोटारसायकलच्या वर्गापुरती मर्यादित ठेवावी, अशी लेखी विनंती करता येते आणि ती केलीच पाहिजे. ती मान्य होईलच असे मी म्हणणार नाही, कारण मद्य घेऊन दुचाकी चालवणारा माणूस उद्या पिकअपही तशीच चालवेल, अशी भीती अधिकाऱ्याला वाटली तर तिला अवाजवी म्हणता येत नाही. पण न मागितलेली गोष्ट कोणी आपणहून देत नाही.

म्हणूनच नोटिशीकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला मला सर्वात घातक वाटतो. पेठ रोडवरच्या कार्यालयातली सुनावणी ऐकायला भारदस्त वाटते, पण अनेकदा ती दहा मिनिटांत होते. अधिकाऱ्यासमोर पोलिसांचा अहवाल असतो आणि समोरची खुर्ची रिकामी असेल तर निर्णय त्या एका कागदावरच होतो. माणूस हजर असेल, त्याच्याजवळ स्वतःच्या शब्दांत लिहिलेले म्हणणे असेल, मालकाचे पत्र असेल, यापूर्वी एकही गुन्हा नसल्याचे तो दाखवू शकत असेल, तर कारणे नोंदवताना अधिकाऱ्याला या गोष्टींची दखल घ्यावी लागते. आणि तशी दखल घेतलेली नसेल, तर पुढे अपिलात हाच मुद्दा उपयोगी पडतो. आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत विहित अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते आणि त्या अपिलावरचा निर्णय अंतिम असतो, म्हणून ते घाईत खरडून देऊ नये.

पत्त्याबद्दल एक सांगून ठेवतो. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. सिडकोतून पाथर्डी फाट्याला आणि तिथून सातपूरला घर बदललेल्या भाडेकरूच्या हाती ती पडत नाही, टपाल परत जाते आणि आदेश त्याच्या पाठीमागे होतो. आपल्या भावाला नोटीस मिळाली, हे त्याचे नशीब समजा.

आता न्यायालयाची वाट. मद्यप्राशनाच्या कलम 185 मध्ये रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळणे, अशी मर्यादा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. दुसऱ्यांदा घडल्यास कारावास दोन वर्षांपर्यंत आणि दंड पंधरा हजार रुपये होतो. मित्र जेव्हा कबूल करून टाक म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त हे दहा हजार असतात. पण कलम 20 च्या दुसऱ्या पोटकलमानुसार कलम 185 खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने अपात्रतेचा आदेश करणे बंधनकारक आहे आणि तो सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीचा असू शकत नाही. इथे दया दाखवायलाही न्यायाधीशांच्या हाती फारसे काही उरत नाही. याशिवाय, आधी एकदा कलम 185 खाली दोषी ठरलेला माणूस पुन्हा त्याच कलमाखाली दोषी ठरला, तर न्यायालयाने लायसन्स रद्दच करायचे असते. म्हणजे आजची कबुली ही पुढच्या प्रत्येक नाकाबंदीच्या वेळी त्याच्या मागे उभी असणार आहे.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे, त्यामागे एक जुनी जखम आहे. वकिली सुरू करून फार वर्षे झाली नव्हती, तेव्हा पंचवटीतले एक रिक्षाचालक माझ्याकडे आले. शाळेची मुले ने-आण करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. तारखांचे हेलपाटे नकोत म्हणून त्यांनी कबुलीची तयारी दाखवली आणि मी त्यांना फक्त दंडाची रक्कम सांगितली, अपात्रतेचे कलम सांगितलेच नाही. आदेश वाचून दाखवला गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलांच्या पालकांच्या क्रमांकांची वही घेऊन माझ्या घरी आले आणि या सगळ्यांना आता काय सांगू, एवढेच त्यांनी विचारले. त्यानंतर एकाही अशिलाला दोन्ही परिणाम कागदावर लिहून दिल्याशिवाय मी कबुलीसाठी उभे केलेले नाही.

मग खटला लढवायचा का, हा पुढचा प्रश्न. कागद पाहिल्याशिवाय कोणीही याचे उत्तर देऊ नये. श्वासचाचणीच्या यंत्राची छापील पट्टी, तिच्यावरची वेळ आणि वाचन, अटक झाली असल्यास तिची वेळ, अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली की नाही, रक्ताचा नमुना घेतला असल्यास त्याचा अहवाल आणि पंचनामा, हे सारे आधी मागवून घ्यावे. त्यात खरी उणीव असेल, तर लढणे हा त्याचा हक्क आहे. उणीव नसेल आणि तो खरोखरच मद्य घेऊन चालवत असेल, तर खोटा बचाव उभारून दोन-तीन वर्षे तारखा ओढण्यापेक्षा परिणाम नीट समजून घेऊन, शिक्षेच्या मुद्द्यावर म्हणणे मांडून कबुली देणे मी अधिक योग्य मानतो. अपात्रता विशिष्ट वर्गापुरती ठेवण्याची विनंती न्यायालयातही करता येते. मात्र एक लक्षात ठेवावे की कबुलीनंतरचे अपील शिक्षेची व्याप्ती किंवा कायदेशीरपणा एवढ्यापुरतेच मर्यादित राहते. आणि न्यायालयाचा अपात्रतेचा आदेश केवळ अपील दाखल केल्याने थांबत नाही, त्यासाठी अपिलीय न्यायालयाकडून स्वतंत्र स्थगिती घ्यावी लागते. अपील दाखल झाल्याच्या आनंदात त्याच दिवशी गाडी घेऊन घरी गेलेले लोक मी पाहिले आहेत.

अपात्रतेची मुदत सहा महिन्यांहून मोठी असेल, तर आदेशापासून सहा महिने झाल्यावर ज्याने आदेश केला त्याच न्यायालयाकडे किंवा प्राधिकाऱ्याकडे ती उठवण्यासाठी किंवा बदलण्यासाठी अर्ज करता येतो. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

दुसऱ्या ठिकाणाहून लायसन्स काढण्याची कल्पना तर मनातूनच काढून टाकावी. ती पूर्वीच्या पुस्तकी लायसन्सच्या जमान्यातली आहे. आता मालेगाव असो, धुळे असो की नाशिक, सर्व कार्यालये सारथी या एकाच प्रणालीवर काम करतात आणि अपात्र ठरलेल्या किंवा रद्द झालेल्या लायसन्सची नोंद तारीखवार त्या पोर्टलवर ठेवली जाते. मोबाइलमधल्या डिजिलॉकरमध्ये जुनी प्रत दिसते म्हणून ती दाखवून सुटता येईल, हाही भ्रम आहे. शिवाय अपात्रतेच्या काळात वाहन चालवणे आणि नव्या लायसन्ससाठी अर्ज करणे हे दोन्ही कलम 182 खाली स्वतंत्र गुन्हे आहेत, त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहेत आणि तसे मिळवलेले लायसन्स कायद्याने निरर्थक ठरते.

यापेक्षाही मोठा धोका विम्याचा आहे. समजा, अपात्रतेच्या काळात तो पिकअप घेऊन निघाला आणि द्वारका चौकात कोणाला धडक बसली. वाहनचालक अपात्र होता, हा बचाव कायद्याने विमा कंपनीला दिलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली स्वर्णसिंग प्रकरणात यासंबंधीची तत्त्वे घालून दिली. त्यांचा व्यवहारातला परिणाम असा की जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अशा चालकाच्या हाती गाडी दिली असेल, तर ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे आदेश होतात. ही रक्कम लाखांत जाते. लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली म्हणून मालकावर वेगळा गुन्हाही होतो. त्यामुळे भावाने ही गोष्ट मालकापासून लपवू नये. लपवून नोकरी टिकत नाही, उलट उघडकीस आल्यावर मालकाला तोंड दाखवणे अवघड होते.

मद्यपानाशिवायही आपल्या जिल्ह्यात लायसन्स जाण्याची कारणे अनेक आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट 2015 मध्ये राज्यांना सांगितले होते की अतिवेग, सिग्नल तोडणे, जादा माल भरणे, मालवाहू गाडीतून माणसे नेणे, मद्यपान आणि मोबाइलवर बोलणे यांसाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करावे. यांतले मालवाहू गाडीतून माणसे नेणे हे मला सर्वात जास्त अस्वस्थ करते. द्राक्षबागांच्या छाटणीच्या दिवसांत पेठ, सुरगाण्याकडून दिंडोरी, निफाडकडे पहाटे येणाऱ्या पिकअप पाहाव्यात. मागच्या हौद्यात बाया उभ्या असतात, एका हाताने पाइप धरलेला, दुसऱ्या हातात जेवणाची पिशवी, आणि वळणावर सगळा घोळका एका बाजूला झुकतो. चालकाला वाटते की आपण गरिबांची सोय करतो आहोत. त्याच्या मनात वाईट नसतेही. पण गाडी उलटली तर लायसन्सच्या पलीकडे त्याच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो, ज्याला पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. आपला भाऊ पिकअपच चालवतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. आणि घरात अठरा वर्षांखालचे कोणी असेल, तर मोटारसायकलची किल्ली त्याच्या हाती पडू देऊ नका. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

मुदत संपल्यावरचे थोडे. दिनदर्शिकेवर तारीख आली म्हणून गाडी बाहेर काढू नये. उजळणी प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र द्यावे, लायसन्स प्रत्यक्ष परत घ्यावे आणि सारथीवरची निलंबनाची नोंद उठली आहे, हे स्वतः पाहून त्या पानाची छापील प्रत जवळ ठेवावी. मधल्या काळात लायसन्सची मूळ मुदतच संपत असेल, तर तिकडेही लक्ष असू द्यावे, कारण मुदत संपून एक वर्ष उलटले की नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते.

सुनावणीच्या दिवशी भावाने स्वतः जावे, सोबत मूळ पावती, नोटीस, हेल्मेटच्या दंडाची पावती, आधार, सध्याच्या पत्त्याचा पुरावा आणि मालकाचे पत्र असावे. मालकाच्या पत्रात तो किती वर्षे कामावर आहे आणि कामावर असताना त्याच्या हातून अपघात झालेला नाही, एवढेच, आणि खरे असेल तरच, लिहिलेले असावे. स्वतःचे म्हणणे एका पानात मावेल असे लिहावे. जे घडले ते नाकारू नये, मोटारसायकलच्या वर्गापुरती अपात्रता ठेवण्याची विनंती करावी, लायसन्स जप्त झाल्यापासून गेलेले दिवस मुदत ठरवताना विचारात घ्यावेत, अशीही मागणी करावी आणि प्रशिक्षणाची तयारी दाखवावी. त्या पानाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर आवक शिक्का घ्यावा. आणि आज संध्याकाळीच पिकअपची किल्ली मालकाकडे परत करून, तारीख आणि वेळ घातलेली दोन ओळींची पोच त्याच्याकडून लिहून घ्यावी.